दाराला चप्पल अडकवा

पहिल्या वर्षाला नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींना,

मी सतरा वर्षं विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. शेवटची काही वर्षं विद्यार्थी कल्याण समितीवरही होते, त्यामुळे मुलांच्या वसतिगृहातली भांडणंही माझ्याच टेबलावर यायची. दरवर्षी नवी बॅच आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी ऑफिसच्या दारात येऊन उभं राहायचं. आत यायचं नाही, परतही जायचं नाही. "काय गं, काय हवंय?" म्हटलं की आधी भलतंच काहीतरी निघायचं. नळ गळतोय, पंखा आवाज करतोय. मग मी "बस जरा" म्हणायचे आणि पाच मिनिटांनी खरी गोष्ट बाहेर यायची. "मॅडम, सगळ्यांचे ग्रुप झालेत. माझाच नाही झाला."

तिसऱ्या दिवशी!

त्यात गंमत अशी की एका वर्षी हेच वाक्य मी एकाच संध्याकाळी तिघींकडून ऐकलं, आणि त्यातली एक उरलेल्या दोघींच्या मते 'त्या मोठ्या ग्रुपमधली' होती. तिला मात्र आपण त्या ग्रुपच्या कडेला कसेबसे लटकलोय असं वाटत होतं. मी तिघींना एकमेकींची नावं सांगितली नाहीत. आज वाटतं, सांगायला हवी होती.

पहिल्या आठवड्यात जे दिसतं त्याला ग्रुप म्हणू नका. बुजलेली माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, इतकंच. मेसमध्ये एकटं बसायला नको म्हणून पाच जणी एकत्र जातात, पाच जणींचे फोटो निघतात, व्हॉट्सॲपवर ग्रुपला काहीतरी झकास नाव पडतं. पहिलं सत्र संपेपर्यंत त्या पाचांतल्या दोघी उरलेल्या तिघींना जिन्यात पाहिलं की फोनमध्ये डोकं घालतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की मला त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. वाईट वाटायचं ते ज्या मुली बाहेर राहिल्या म्हणून रडून डोळे सुजवून घ्यायच्या त्यांचं.

मैत्री व्हायला किती वेळ लागतो हे मोजायचा खटाटोपही लोकांनी केलाय. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात नव्या गावी राहायला गेलेली माणसं होती तशी पहिल्या वर्षाची मुलंही होती. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, 'हा माझा मित्र' म्हणण्यापर्यंत यायला ९० आणि जिवलग व्हायला २००च्या वर, असा त्यांचा ढोबळ हिशेब निघाला. आणि वर्गात शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. रिकामटेकड्या गप्पा, टवाळक्या, उगाच बसून राहणं, ते तास धरायचे. रोज दोन तास म्हटले तरी २०० तासांना शंभर दिवस लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी कुणाचंही काहीही झालेलं नसतं. होऊच शकत नाही.

आता चपलेचं सांगते.

आमच्या वसतिगृहाच्या दारांना स्प्रिंग होत्या, सोडलं की दार धाडकन आपोआप बंद. दरवर्षी काही मुली पहिल्याच दिवशी दाराच्या फटीत चप्पल अडकवून ठेवायच्या. वारा यावा म्हणून, बाकी काही हेतू नसायचा. पण दार वीतभर उघडं असलं की जाणारी-येणारी डोकावते. "चार्जर आहे का गं?", "उद्याचं लेक्चर कुठल्या हॉलमध्ये आहे?", "तुझ्याकडे पण पाणी नाहीये का?" अशा फुटकळ प्रश्नांवर मैत्र्या झालेल्या मी पाहिल्यात. ज्यांची दारं बंद असायची त्या मुली काही घुम्या नव्हत्या. पण बंद दार वाजवायला धाडस लागतं, आणि पहिल्या महिन्यात ते कुणाकडेच नसतं.

एक मुलगी आठवते. तिला अगदी टोकाची खोली मिळाली होती, सामानाच्या खोलीला लागून. तिच्या दारावरून कुणी जायचंच नाही, कारण पुढे जायला काही नव्हतं. वर तिची रूममेट प्रवेश रद्द करून गेलेली. महिन्याभराने ती खोली बदलून मागायला आली. माझ्याकडे रिकामी खोली नव्हती. मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. संध्याकाळी पुस्तक घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायला लागली. मला वाटलं, खोलीत उजेड कमी असेल, म्हणून मी बल्ब बदलायला माणूस पाठवला! ती हसून म्हणाली, "मॅडम, उजेड आहे. माणसं नाहीत." वर्षाच्या शेवटी तिन्ही मजल्यांवरच्या मुलींची नावं मला विसरायला व्हायची तेव्हा मी तिला विचारायचे.

आमच्याकडच्या मानसशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, यावर फार जुनं काम आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोण कुणाकडे ऊठबस करतं ते तपासलं आणि १९५० साली छापलं. अगदी लगतच्या दारातल्यांशी ४१ टक्के वेळा मैत्री निघाली, मधे एक दार आलं की २२, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी १०. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर! जिन्यापाशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त होते. पायरीवर बसणाऱ्या पोरीने हे काही वाचलेलं नव्हतं.

यात एक मेख आहे, तीही सांगितली पाहिजे. ज्या अर्थी शेजारच्या दाराशी आपोआप जमतं, त्या अर्थी तुमचे पहिले मित्र तुम्ही निवडलेले नसतात, खोल्यांच्या यादीने निवडलेले असतात. यादी बनवणारी मी होते, म्हणून सांगते: त्यात कसलाही विचार नसायचा. आडनावाच्या अक्षराने लावायचे. तेव्हा दोन महिन्यांनी जर वाटलं की ही मंडळी चांगली आहेत पण आपली नाहीत, तर त्यात कृतघ्नपणा काही नाही. नाटकाच्या तालमीला जा, मैदानावर जा, ग्रंथालयात रोज त्याच टेबलावर बसा. 'त्याच' टेबलावर हे महत्त्वाचं. रोज नवं टेबल शोधणाऱ्याला कुणी ओळखत नाही.

रूममेटबद्दल थोडं लांबवणार आहे, कारण माझ्या नोकरीतला निम्मा वेळ त्यातच गेला.

दोन मुली होत्या, दोघीही गुणी. चार महिने एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कपाटाच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवून कारभार चालायचा. 'खिडकी बंद करणे.' 'ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर नको.' दोघी स्वतंत्रपणे खोली बदलून मागायला आल्या, दोघींकडे तक्रारींची यादी. एकीच्या यादीत पहिल्याच ओळीत अलार्म. रूममेट पाचचा अलार्म लावते, पाचला बंद करते, पाच वाजून दहाला पुन्हा वाजतो, असं सहापर्यंत सात वेळा, आणि उठते साडेसातला. मी विचारलं, "तिला सांगितलंस?" "तिला कळायला नको का, मॅडम?" दुसरीला बोलावलं. तिला खरोखर माहीत नव्हतं. तिच्या घरी ती स्वतंत्र खोलीत झोपायची. तो अलार्म आजवर तिच्याशिवाय कुणी ऐकलाच नव्हता. तिच्या यादीत काय होतं? की ही रात्री एकपर्यंत मोठा दिवा लावून वाचते. तेही तिने कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिल्या आठवड्यातच, अजून कुणी कुणावर चिडलेलं नसताना, बसून चार गोष्टी बोलून घ्या. दिवा किती वाजता, अलार्म किती वेळा, फोनवर बोलायचं ते खोलीत की गॅलरीत, बाहेरचं माणूस खोलीत येणार असेल तर आधी विचारायचं का, आणि कुठल्या वस्तू न विचारता वापरलेल्या चालतात. बोलायला संकोच वाटतो हे कबूल. पण चौथ्या महिन्यात चिठ्ठ्या चिकटवण्यापेक्षा तो परवडला. आणि रूममेट जिवाभावाची मैत्रीण व्हायलाच हवी हा हट्टही सोडा. काही उत्तम रूममेट मी अशा पाहिल्यात की त्या खोलीबाहेर एकमेकींना क्वचित भेटायच्या.

कुणाशी बोलून आलं की मागाहून 'आपण काय बावळटासारखं बोललो' असं वाटत राहतं ना? ते सगळ्यांना वाटतं. समोरच्याला आपण जितके आवडलो असू त्याहून कमीच आवडलो असा बहुतेकांचा समज होतो, हे २०१८ सालच्या एका संशोधनात दिसलं, आणि एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला आढळला. तेव्हा रात्री अंथरुणात पडून संभाषणाची उजळणी करू नका. झोपा. झोपेचं खोबरं करून कुठलंही नातं सुधारलेलं मी पाहिलेलं नाही.

आता प्रेमाकडे येऊ. तुम्ही केव्हाची वाट बघताय.

रेक्टर म्हटलं की प्रेमाच्या विरोधातच असणार असं मुलं धरून चालतात. मी नव्हते. माझ्या दारात लग्नाच्या पत्रिका घेऊन आलेल्या जोड्या आहेत, आणि ज्यांचं लग्न झालं नाही पण एकमेकांचं नाव निघालं की चेहरा उजळतो अशीही माणसं आहेत. माझं म्हणणं फक्त पहिल्या काही आठवड्यांपुरतं आहे. त्या दिवसांत एकटेपणा इतका अंगावर आलेला असतो की जो पहिल्यांदा नीट विचारपूस करतो तोच आपला वाटायला लागतो. ते खोटं असतं असं नाही. पण ते प्रेम आहे की सुटका झाल्याचा आनंद आहे हे ओळखायला थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात. त्या दिवसांत बाकीची दारं बंद करू नका. मी मुलींना एकच विचारायचे: तो आल्यापासून तुझी माणसं वाढली की कमी झाली? उत्तर द्यायला ज्या फार वेळ घ्यायच्या त्यांच्याकडे मी जरा जास्त लक्ष ठेवायचे.

त्यातल्याच एकीचं. रोज रात्री साडेनऊला ती कॉरिडॉरमध्ये फोन घेऊन उभी राहायची, व्हिडिओ कॉल. मी फेरी मारायला निघाले की दिसायची. एक दिवस लक्षात आलं, ती बोलता बोलता फोन हळूच फिरवतेय. भिंत, कॉरिडॉर, खोलीचं दार, खोलीच्या आतला पलंग. मला वाटलं वसतिगृह दाखवतेय कुणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तोच क्रम. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला बघायचं असतं मी खरंच खोलीवर आहे ना. काळजी करतो माझी." हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं. मग हळूहळू कळत गेलं की फोनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, लोकेशन चोवीस तास चालू आहे, प्रोजेक्टच्या गटात मुलगा होता म्हणून तिने गट बदललाय. काळजी करणारा माणूस 'पोचलीस का?' विचारतो आणि 'हो' म्हटलं की झोपतो. पुरावा मागतो तो पहारा. तिला हे पटायला पाच महिने लागले, आणि पटवलं ते मी नव्हे. तिच्या रूममेटने एक दिवस तिच्या हातून फोन घेतला आणि त्याला म्हणाली, "ती इथेच आहे, आणि उद्यापासून दाखवणार नाहीये."

हे मुलींनीच वाचायचं असं नाही. पासवर्ड मागणाऱ्या मुलीही असतात, आणि 'माझ्यावर संशय घेते म्हणजे किती प्रेम' म्हणून मिरवणारे मुलगेही.

समितीवर असताना एक मुलगा आमच्यासमोर आला. एका मुलीने नकार दिल्यावर तो सलग अकरा दिवस तिच्या विभागाच्या दरवाजासमोर उभा राहिला होता. बोलायचा नाही, त्रास द्यायचा नाही, नुसता उभा. "मी काय केलं, मॅडम? मी तर तिच्या जवळही गेलो नाही." त्याला मनापासून कळत नव्हतं. ती मुलगी अकरा दिवस मागच्या दाराने, इमारतीला वळसा घालून वर्गात जात होती. हे सांगितल्यावर तो गप्प झाला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला वाटलं, तिला माझी निष्ठा दिसेल." त्याचा दोष होताच, पण पिच्छा पुरवला की माणूस वितळतो हे त्याच्या डोक्यात कुणीतरी लहानपणापासून भरलेलं होतं. नाही म्हणजे नाही. 'बघू', 'आत्ता नको', 'मला माहीत नाही' हेही त्या क्षणी नाहीच धरायचं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, कालचा होकार आजला लागू नाही, आणि नशेतल्या माणसाचा होकार हा होकारच नाही. यात शंका वाटली तर विचारा. विचारल्याने मजा जाते म्हणणाऱ्याला दुसऱ्याच्या मजेशी काही देणंघेणं नसतं. तसंच खासगी फोटोंचं: मागितले म्हणून पाठवायची जबाबदारी कुणावर नाही, आणि कुणी विश्वासाने पाठवलेला पुढे ढकलणारा गुन्हेगार आहे, पाठवणारी व्यक्ती नाही.

आणखी एक प्रसंग वर्षाला एकदा तरी यायचा. नातं तोडायचं म्हटलं की समोरचा म्हणतो, "तू गेलीस तर मी जिवाचं काहीतरी करेन." मुलं हे ओझं एकट्याने वाहतात, महिनोन् महिने, कुणाला न सांगता. असं कुणी म्हटलं तर ते खरं धरा आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगा. रेक्टर, समुपदेशक, त्याच्या घरचं कुणीतरी. त्याला मदतीची गरज आहे हे नक्की. पण ती मदत म्हणून तुम्ही नात्यात अडकून राहायचं, असं नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन दिलं असेल तर ते मोडा.

ब्रेकअप झालं तर एक व्यवहाराची अडचण आहे जी बाहेरच्या जगात इतकी नसते: त्याच वर्गात, त्याच ग्रंथालयात, उरलेली वर्षं काढायची आहेत. अशा वेळी दोघांच्या मित्रांचं न्यायालय भरवू नका. खटला चालवला की निकाल काहीही लागो, साक्षीदार दोघांनाही टाळायला लागतात.

सीनियरबद्दल फार लिहीत नाही. नोट्स देणारे, अवघड विषय कुठला ते सांगणारे सीनियर सोन्यासारखे. पण ओळख करून घेण्याच्या नावाखाली रात्री खोलीत बोलावून उभं करणारे, गाणी म्हणायला लावणारे, 'आमच्या वेळीही झालं होतं' म्हणणारे, यांची तक्रार पहिल्याच दिवशी करा. तेवीस जणांना छळ सहन झाला म्हणून चोविसाव्यालाही व्हावा असा काही नियम नाही. शिक्षकांकडे जाताना एक नेमका प्रश्न घेऊन जा, बहुतेक जण खूश होतात. मात्र मार्क ज्याच्या हातात आहेत असा कुणी रात्री-अपरात्री खासगी मेसेज करायला लागला, तर त्याचा अर्थ लावत बसू नका. मेसेज जपून ठेवा आणि कुणाला तरी दाखवा. पैशांचं म्हणाल तर मित्राला तेवढेच द्या जेवढे बुडाले तरी तो मित्र राहील.

घरी फोन करता तेव्हा 'मजेत आहे' एवढंच सांगू नका. रात्री दहाला माझ्या फोनवर एका वडिलांचा फोन यायचा. "मॅडम, ती मजेत आहे म्हणते, पण आवाज तसा वाटत नाही. जरा बघता का?" मी बघून यायचे. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

शेवटी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. परीक्षेचे दिवस होते, रात्रीचे दोन वाजले होते, दिवसभरात मी पाच मिनिटंही टेकले नव्हते, आणि दार वाजलं. पहिल्या वर्षाची एक मुलगी. मी दार उघडलं आणि तिने तोंड उघडायच्या आधीच म्हटलं, "ही काय वेळ आहे?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, चुकून." आणि गेली. मीही झोपले. सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आलं की दोन मजले उतरून चुकून कुणी रेक्टरचं दार वाजवत नाही. तिच्या खोलीवर गेले. ती टेबलाशी बसली होती, पुढ्यात पुस्तक, तेच पान रात्रभर. काय झालं होतं ते तिचं तिच्यापाशी राहू दे. निस्तरलं आम्ही दोघींनी, वेळ लागला. पण ती मला नंतर म्हणाली, "तुम्ही आला नसतात तर मी पुन्हा आले नसते."

माझ्यासारखी माणसं थकलेली असतात, कधी खेकसतात. म्हणून पहिल्यांदा 'काही नाही' म्हणून परत गेलात, तर दुसऱ्यांदा या. त्याच दारावर नको वाटलं तर शेजारच्या दारावर जा, पण त्याच रात्री जा.

तुमची,
एक निवृत्त रेक्टर